बाबांच्या लिव्हरची सुईने बायॉप्सी ठरली आहे, काय काय विचारून घेऊ?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे. पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये तीनेक सेंटिमीटरची गाठ दिसली. मग सीटी झाला, त्यावरून काही ठरेना. आता पुढच्या गुरुवारी मिरजेला सोनोग्राफीवर बघत बघत सुईने तुकडा काढणार आहेत. दोन वर्षांपूर्वी बाबांना स्टेंट बसवलाय, बीपी आहे, शुगर काठावर.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. धाकटे काका म्हणतात, "गाठीला सुई लावायची नसते, लावली की पसरतं." आई त्यांच्या बाजूने. बाबा कुणाच्याच बाजूने नाहीत, ते म्हणतात तुम्ही काय ते ठरवा आणि मला सांगा. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं, पण मला तेव्हा विचारायचं काय हेच सुचलं नाही. शनिवारी परत भेटायचं आहे. कुणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रात असेल तर सांगा. फार भीती घालू नका एवढीच विनंती.

बेरकी बंड्या | सोमवार, रात्री १०:०५

प्रत्येक घरात एक काका असतात. आमच्याकडे आत्या आहे. मोतीबिंदूच्या वेळीही तिने "डोळ्याला हत्यार लावू नका" म्हणून सांगितलं होतं. वाचतोय. डॉक्टर मंडळी येतीलच.

करडापडदा | सोमवार, रात्री ११:२०

मी रेडिओलॉजिस्ट आहे, हे रोजचं काम आहे माझं. तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे बाबांबद्दल अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

लोक सुईला घाबरतात. सुई साधारण १८ गेजची असते, म्हणजे सव्वा मिलिमीटर जाडीची, आणि ती पडद्यावर बघत आत जाते. खरी गडबड होते ती सुई टोचण्याआधी, घरी आणि कागदावर. म्हणून आधी तेच सांगतो.

शरीराच्या वरवरच्या भागात, म्हणजे थायरॉइड, मानेतली गाठ, स्तन, इथे रक्त आलं तर बोटाने दाबून धरता येतं. लिव्हर, किडनी, प्लीहा यांना बाहेरून दाबता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या संघटनेने २०१९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बायॉप्सीचे कमी धोक्याच्या आणि जास्त धोक्याच्या असे दोन गट केलेत. लिव्हर दुसऱ्या गटात. त्यासाठी प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) ५० हजारांच्या वर आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, १.५ ते १.८ च्या आत असावा असं त्यात म्हटलंय. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालेलं, असेल तर हिशोब वेगळा, तिथे आयएनआर एकटा फारसं खरं सांगत नाही. सीबीसी आणि पीटी-आयएनआर या रक्ततपासण्या अलीकडच्या आहेत का ते बघा. सहा महिन्यांपूर्वीचे कागद घेऊन येतात लोक.

आता स्टेंट. तुमच्या पोस्टमधला हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द. बाबांच्या सगळ्या गोळ्यांची यादी इथे टाका. नाव आठवून नको, पाकीट हातात घेऊन, मागचा बारीक मजकूर वाचून.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७:५५

धन्यवाद डॉक्टर. रक्त पातळ करायची गोळी बाबांची बंद झाली आहे असं आई म्हणते. सध्या बीपीची एक, रात्री कोलेस्टेरॉलची एक कॅप्सूल, शुगरची अर्धी गोळी, आणि गुडघे दुखले की मेडिकलवाला देतो ती एक. बाकी लसूण-मधाचं काहीतरी सकाळी घेतात, ते धरायचं का?

करडापडदा | मंगळवार, सकाळी ८:१०

कोलेस्टेरॉलच्या कॅप्सूलमागे काय लिहिलंय?

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ८:३२

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० मिग्रॅ, अ‍ॅस्पिरिन ७५ मिग्रॅ. म्हणजे बंद झालेली नाही.

करडापडदा | मंगळवार, दुपारी १:४५

नाही. बहुधा क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ करायची दुसरी गोळी, बंद झालं असेल आणि अ‍ॅस्पिरिन या कॅप्सूलमधून चालू राहिलं. आपल्याकडे जोडगोळ्या इतक्या आहेत की पेशंट अगदी प्रामाणिकपणे "कोलेस्टेरॉलची गोळी" म्हणतो आणि आत अ‍ॅस्पिरिन असतं. काहींत तर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन तिन्ही एकत्र. मी आता "रक्त पातळ करायची गोळी घेता का" असं विचारतच नाही, पिशवी टेबलावर ओतायला सांगतो.

पण म्हणून आजच ती बंद करू नका. स्टेंटवाल्याने स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन बंद करणं हे बायॉप्सीतल्या रक्तस्रावापेक्षा जास्त महागात पडू शकतं, विशेषतः स्टेंट नवा असेल तर. बंद करायची की नाही, किती दिवस, परत कधी सुरू करायची, हे कार्डिऑलॉजिस्टकडून लिहून घ्या. त्या सूचनांप्रमाणे जास्त धोक्याच्या बायॉप्सीआधी अ‍ॅस्पिरिन ३ ते ५ दिवस आणि क्लोपिडोग्रेल ५ दिवस थांबवतात. वॉर्फरिन हे रक्त पातळ करायचं आणखी एक औषध, तेही साधारण ५ दिवस, आणि वर आयएनआर खाली आल्याची खात्री करून. कुणाला हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल तर हे सगळं बदलतं. तुमचा गुरुवार आणि शनिवारची भेट बघता कार्डिऑलॉजिस्टला उद्याच गाठा, नाहीतर तारीख पुढे ढकलायला सांगा. तारीख पुढे गेल्याने तीन सेंटिमीटरच्या गाठीचं आठवड्यात काही बिघडत नाही.

गुडघ्याची गोळी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असणार. तीही प्लेटलेटच्या कामात लुडबुड करते, ती थांबवा आणि दुखलंच तर पॅरासिटामॉल. लसूण जेवणातला चालतो, कॅप्सूल आणि फिशऑइल असेल तर डॉक्टरांना सांगा.

रानजाई | मंगळवार, रात्री ९:१५

मी काकांच्या बाजूने थोडं बोलते, रागावू नका. आमच्या शेजारच्या आजोबांच्या पोटातल्या गाठीला सुई लावली आणि तीन महिन्यांत सगळीकडे पसरलं. त्याआधी ते शेतावर जात होते. डोळ्यांनी बघितलेलं कसं नाकारायचं?

स्लाइडवाला | मंगळवार, रात्री १०:३०

रानजाईताई, बघितलेलं खरंच आहे, फक्त क्रम चुकतोय. ज्या गाठीची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस डॉक्टरकडे गेला, ती आधीच वाढत होती. बायॉप्सी मध्ये आली म्हणून दोष तिच्या माथी बसला. मी पॅथॉलॉजिस्ट, सुईने आलेले तुकडे काचेवर बघणं हाच माझा धंदा.

तरीही "सुईने कधीच पसरत नाही" असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. सुईच्या वाटेवर पेशी रुजू शकतात. लिव्हरच्याच एका कॅन्सरबाबत, हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाबाबत, २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा २.७ टक्के होता. आणि तो सुद्धा बहुतेक वेळा सुईच्या वाटेवरचा छोटा गोळा असतो, काका म्हणतात तसं "सगळीकडे" नव्हे.

म्हणूनच काही ठिकाणी सुई मुद्दाम टाळतात. वृषणातल्या गाठीला अंडकोशाच्या पिशवीतून सुई लावत नाहीत. ओव्हरीची गाठ काढता येण्यासारखी असेल तर तिला टोचून फोडत नाहीत. सिरॉसिस किंवा जुनी हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाच्या लिव्हरमधली गाठ तीन टप्प्यांच्या सीटीत ठराविक पद्धतीने उजळली आणि मग फिकी पडली, तर तेवढ्यावरच निदान होतं, तुकडा लागत नाही. कृष्णाकाठ, शनिवारी पहिला प्रश्न हाच विचारा: सीटी त्या तीन टप्प्यांचा होता का, बाबांची हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली का, एएफपी ही रक्ततपासणी केली का, आणि बायॉप्सीच्या उत्तराने उपचार बदलणार आहे का? चौथ्याचं उत्तर "नाही" आलं तर सुई कशाला?

करडापडदा | मंगळवार, रात्री ११:००

स्लाइडवाल्यांशी पूर्ण सहमत, आणि दोन गोष्टी जोडतो. एक, लिव्हरमधली सगळ्यात जास्त सापडणारी साधी गाठ म्हणजे हिमॅन्जिओमा, रक्तवाहिन्यांचा गुंता. ती स्कॅनमध्ये ओळखता आली तर तिला हात लावायचं कारण नाही. दोन, पाण्याची गाठ असेल आणि त्यात पडदे दिसत असतील तर हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्यांमार्फत येणाऱ्या जंताच्या गाठीची, शंका आधी काढून टाकतात, कारण ते पाणी पोटात सांडलं तर जोराची अ‍ॅलर्जी येऊ शकते. घरात कुत्री, शेजारी मेंढरं, असं असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

आणि उलट बाजूही लिहितो, कारण याचा मला जास्त राग आहे. "सुई नको" म्हणून स्तनातली गाठ थेट कापून काढणं आपल्याकडच्या लहान गावांत अजून चालतं. मग रिपोर्ट कॅन्सरचा येतो आणि दुसरं, मोठं ऑपरेशन करावं लागतं, काखेतल्या गाठींचा हिशोब बिघडतो, आधी केमो द्यायची संधी जाते. तिथे आधी सुईचा तुकडाच हवा. १४ गेजची सुई, छातीच्या पिंजऱ्याला समांतर धरून, म्हणजे ती फुफ्फुसाकडे जात नाही. सुईच्या भीतीने बायकांचं जे नुकसान होतं ते सुईने होत नाही.

मोरपंखी | बुधवार, सकाळी १०:१०

आमचा अनुभव लिव्हरचा नाही, आईच्या मानेतल्या गाठीचा, पण उपयोगी पडेल. पहिल्यांदा सुईने नमुना घेतला, सगळा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. रिपोर्ट आला, "टीबी असू शकतो, कल्चर करा". कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, नमुनाच उरला नव्हता. आईला परत टोचावं लागलं. दुसऱ्या वेळी आम्हीच विचारलं, टीबीसाठी वेगळी बाटली ठेवणार का? तेव्हा कुठे एक तुकडा सलाइनमध्ये ठेवला.

स्लाइडवाला | बुधवार, सकाळी ११:४०

मोरपंखी यांची पोस्ट सोन्याच्या मोलाची आहे. फॉर्मॅलिन जंतू मारतं, त्यामुळे त्यात बुडवलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही. टीबीची शंका असेल तर एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये घेऊन कल्चर आणि सीबीनॅट या टीबीच्या झटपट तपासणीला पाठवायचा, बाकीचा फॉर्मॅलिनमध्ये. लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, शंका असेल तरीही थोडा ताजा नमुना लागतो. हे सुई लावण्याआधी ठरतं, नंतर नाही. आणि टीबी आपल्याकडे कुठेही निघतो, लिव्हरमध्येसुद्धा.

आणि बाटलीवरचं नाव. हसू नका, माझ्या टेबलावर "पाटील" एवढंच लिहिलेली बाटली आली आहे. सांगली-कोल्हापुरात! पूर्ण नाव, वय, नोंदणी क्रमांक, कुठल्या अवयवाचा आणि कुठल्या बाजूचा तुकडा, हे पेशंट टेबलावर असतानाच लिहिलं गेलं पाहिजे. नातेवाइकाला बाटली हातात देऊन लॅबला पिटाळतात तेव्हा ती वाचा. झाकण घट्ट आहे का बघा, ती बाटली टिफिनच्या पिशवीत टाकू नका, आणि फॉर्मॅलिन हुंगू नका.

बेरकी बंड्या | बुधवार, दुपारी १२:१५

"पाटील" 😂 आमच्या गावात अशा बाटलीला शंभर मालक भेटतील.

हडसनकाठी | बुधवार, सायंकाळी ६:५०

न्यू जर्सीहून. माझी किडनी बायॉप्सी झाली होती, लघवीतून प्रोटीन जात होतं म्हणून. पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवलं. बीपी १४०/९० च्या खाली येईपर्यंत सुरूच केलं नाही, तासभर वाट बघितली. मला वाटलं उगाच उशीर करतायत, पण नर्सने सांगितलं की बीपी जास्त असताना किडनीतून रक्त जास्त जातं. नंतर रात्रभर ठेवून घेतलं आणि प्रत्येक वेळची लघवी वेगवेगळ्या भांड्यात ठेवून रंग बघत होते. पहिली दोनदा लालसर होती, मग स्वच्छ.

एक विचारायचं होतं, इथे सोनोग्राफीच्या जेलचं छोटं सीलबंद पाकीट फोडतात. भारतात मोठ्या बाटलीतून ओततात का?

करडापडदा | बुधवार, रात्री ९:३०

चांगला प्रश्न, आणि उत्तर नेहमी सुखद नाही. साध्या सोनोग्राफीला मोठ्या डब्यातून भरलेली बाटली वापरतात, त्वचा अखंड असते म्हणून ते चालतं. सुई जाणार असेल तिथे ते चालत नाही. जेल निर्जंतुक, एकदाच वापरायच्या पाकिटातलं हवं, आणि प्रोबवर निर्जंतुक आवरण. हे लाड नाहीत. २०२१ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, एका कंपनीचं जेल वापरू नका असं बजावलं होतं, त्यात बर्कहोल्डेरिया नावाचा जंतू निघाला आणि त्यातून रुग्णांना संसर्ग झाले. जेलचं पाकीट नसेल तर काही जण निर्जंतुक सलाइन किंवा बीटाडीनच वापरतात, त्यावरही चित्र दिसतं.

टेबलावर काय चालतं ते बाबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दचकणार नाहीत. डॉक्टर आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून वाटेत मोठी रक्तवाहिनी नाही ना ते बघतात. मग लिग्नोकेनने जागा बधिर करतात, त्वचेपासून लिव्हरच्या आवरणापर्यंत. लिग्नोकेनची, आयोडीनची, चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. मग "श्वास घ्या, सोडा, धरा". हा सराव घरी करा, कारण लिव्हर प्रत्येक श्वासाबरोबर खालीवर होतं आणि सुई आत असताना बाबा खोकले तर आवरण फाटू शकतं. खोकला चालू असेल तर तो आधी बरा करा, वेळ पडल्यास तारीख बदला.

बायॉप्सी गनचा "खटॅक" असा मोठा आवाज होतो. मी तो पेशंटला आधी हवेत वाजवून दाखवतो. ती सुई चाप ओढताच टोकापासून आणखी दोन-एक सेंटिमीटर पुढे झेप घेते, त्यामुळे आम्ही टोक कुठे आहे एवढंच बघत नाही, झेपेच्या पलीकडे काय आहे तेही बघतो. टोक पडद्यावर हरवलं तर सुई पुढे ढकलायची नाही, हा माझा विद्यार्थ्यांसाठी एकच कडक नियम. आणि गाठ पृष्ठभागालगत असेल तर थेट तिच्यावर न जाता थोड्या चांगल्या लिव्हरमधून वाट काढतो, म्हणजे मागची जागा आपोआप दाबली जाते. पोटात पाणी बरंच झालं असेल तर मात्र ही वाट सोडून मानेतल्या शिरेतून जाण्याचाही पर्याय असतो.

निशिगंधा सिस्टर | बुधवार, रात्री १०:५०

डॉक्टरांनी टेबलापर्यंतचं सांगितलं, पुढचं मी सांगते. आम्ही वॉर्डात असतो म्हणून.

लिव्हरच्या बायॉप्सीनंतर पहिले दोन तास सर्वांत जपायचे. इटलीत १९८६ साली ६८,२७६ लिव्हर बायॉप्सींचा आढावा छापून आला, त्यात गुंतागुंत झालेल्यांपैकी ६१ टक्क्यांना दोन तासांत आणि ९६ टक्क्यांना २४ तासांत त्रास सुरू झाला. म्हणून पहिला तास दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी बघतो, पुढे अर्ध्या तासाने. नातेवाईक म्हणतात, सिस्टर झोपू द्या ना त्यांना. नाही झोपू देणार. नाडी वाढायला लागते ती बीपी पडायच्या आधी, आणि ते आम्हाला आधी कळायला हवं.

उजव्या खांद्यात दुखलं तर घाबरू नका, हार्ट अटॅक समजून ओरडू नका. लिव्हर छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागून असतं, तिथली कळ खांद्यात येते. बहुतेक वेळा पॅरासिटामॉलने शमते. पण दुखणं वाढतच गेलं, पोट ताठ झालं, घाम फुटला, उभं राहिल्यावर भोवळ आली, शौचाला काळी डांबरासारखी झाली, ताप-थंडी आली, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. ज्या हॉस्पिटलात केलं तिथेच परत. म्हणून म्हणते, गाव लांब असेल तर ती रात्र मिरजेतच कुणा पाहुण्याकडे काढा. एसटीने दोन तास हेलपाटत जाऊ नका. बाबांना एकटं सोडू नका, गाडी त्यांनी चालवायची नाही.

शुगरची अर्धी गोळी. किती तास उपाशी राहायचं ते विचारा आणि त्या सकाळी ती गोळी घ्यायची का तेही विचारा. उपाशी आणि गोळी, असं दोन्ही करून टेबलावर चक्कर येणारे आम्ही दर महिन्याला बघतो.

रानजाई | गुरुवार, सकाळी ८:००

सिस्टर, स्लाइडवाले, पटलं. आजोबांच्या बाबतीत पूर्ण पटायला वेळ लागेल, पण पटलं. आई-काकांना हा धागा वाचायला द्या.

कृष्णाकाठ | पुढच्या आठवड्यात, शनिवार, रात्री ८:२०

उशिरा लिहितोय. कार्डिऑलॉजिस्टने स्टेंटला दोन वर्षं झालीत म्हणून ५ दिवस अ‍ॅस्पिरिन थांबवायला लिहून दिलं, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन वेगळी गोळी म्हणून चालू ठेवली. त्यासाठी तारीख पुढच्या मंगळवारची झाली आहे. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह, लिव्हर बाकी चांगलं, म्हणून बायॉप्सीशिवाय ठरणार नाही असं डॉक्टर म्हणाले. टीबीसाठी वेगळा तुकडा ठेवणार का विचारलं तर त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग हो म्हणाले. बाबा सकाळ-संध्याकाळ श्वास धरायचा सराव करतात, नातवाशी पैज लावून.

काका आता म्हणतात, केलीच तर रिपोर्ट घेऊन टाटाला दाखवू. त्यासाठी परत सुई लावावी लागेल का?

स्लाइडवाला | शनिवार, रात्री ९:०५

बहुतेक वेळा नाही. मुंबईत टाटा मेमोरियललाच नव्हे, कुठल्याही मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासून घेतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तोच तुकडा. लॅबकडे अर्ज देऊन स्लाइड, ब्लॉक आणि सही-शिक्क्याचा रिपोर्ट मागा, तुमचा तो हक्क आहे. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतो का ते काउंटरवरच बघा. स्लाइड प्लॅस्टिकच्या डबीत मागा, कागदात गुंडाळलेल्या मुंबईपर्यंत फुटतात. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. सोबत सीटीची सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. आणि तुकडा लहान असतो, म्हणून आधीच्या लॅबला सांगून ठेवा की सगळा ब्लॉक कापून संपवू नका, पुढच्या तपासण्यांना उरू दे.